जनावर दिसेलच ना?

कोथरूडमध्ये आता चारधाम करून आलेला माणूस सापडणं अवघड आणि क्रूझ करून आलेला माणूस चुकवणं अवघड. मुलगी सिअॅटलला किंवा व्हँकूव्हरला असेल तर अलास्का. नसेल तर टूर कंपनीबरोबर सिंगापूरहून सुटणारं पेनांग-लंकावी-फुकेतचं जहाज. ही मंडळी परत आली की कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर, बँकेत पासबुक भरून घेताना, दशभुजा गणपतीबाहेर चपला शोधता शोधता एक सल्ला हमखास देतात. अर्थात न मागता. “जहाजावर सगळं करा. पण बंदरावर उतरून ती रेनफॉरेस्टची सहल तेवढी घेऊ नका. आम्ही घेतली होती. तीन तास नुसती झाडं. एक जनावर दिसेल तर शपथ!”

हे एकट्यादुकट्याचं कुरकुरणं असतं तर कानाआड केलं असतं. पण आता त्याला सिद्धान्ताचं रूप आलं आहे. जहाज बंदराला लागतं सात-आठ तास. त्यातले दोन जाण्यायेण्यात जातात. माणशी शंभर डॉलरच्या वर, म्हणजे जोडप्याचे सतरा-अठरा हजार रुपये, ओल्या झाडांखाली उभं राहण्यासाठी का घालवायचे? भिजायचं, जळवा लावून घ्यायच्या, गुडघ्यांचं वाटोळं करायचं, आणि शेवटी गाईड दाखवणार काय, तर खोडावरची बुरशी! जंगलच बघायचं तर आपलं ताडोबा काय वाईट आहे? काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? तिकडे गेल्यासारखं घारींना खाऊ घालायची बोट घ्या, हत्तींचा कॅम्प घ्या, वाघाशेजारी बसून फोटो काढा. पैसे वसूल.

यातला एकही मुद्दा मी माझ्या सोयीसाठी कमकुवत केलेला नाही. त्याची गरजच नाही.

‘काही दिसत नाही’ यापासून सुरुवात करू. केचिकन हे अलास्कातलं बंदर घ्या, कारण अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपले कितीतरी आईबाबा तिथे उतरतात. आठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. उन्हाळ्यात एकेका दिवशी त्याहून जास्त माणसं जहाजांतून उतरतात. गावाच्या पाठीला लागूनच टाँगसचं जंगल आहे: सुमारे 1 कोटी 67 लाख एकर, अमेरिकेतलं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय वन, आणि तेही थंड प्रदेशातलं वर्षावन. पाऊस वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या ओढ्यांत समुद्रातून सॅमन मासे चढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्यांच्यामागे काळी अस्वलं येतात. अस्वल मासा तोंडात धरून झाडीत शिरतं, चरबीचा, गाबोळीचा भाग तेवढा खातं आणि उरलेला तिथेच टाकून दुसरा पकडायला जातं. टाकलेला मासा कुजतो आणि झाडाच्या मुळांना मिळतो. समुद्रातून आलेला नायट्रोजन या झाडांच्या लाकडात शास्त्रज्ञांना सापडलेला आहे. म्हणजे ओढ्याकाठी उभा असलेला तो प्रचंड स्प्रूस काही अंशी माशावर वाढलेला आहे. हे ज्याने ऐकून घेतलं त्याला शेवाळावर पडलेला अर्धा सॅमन दिसला तरी अस्वल येऊन गेल्याचं कळतं. ज्याने ऐकून घेतलं नाही त्याला मेलेला मासा दिसतो आणि तो नाकाला रुमाल लावतो.

आणि ‘नुसती झाडं’? त्या रानात एक जुना हेमलॉक उन्मळून आडवा होतो. त्याच्या पाठीवर शेवाळ चढतं, शेवाळात बिया रुजतात, आणि शंभरेक वर्षांनी त्या आडव्या खोडावर नव्या झाडांची सरळ रांग उभी राहते, कोणी दोरी धरून लावल्यासारखी. त्यांची मुळं जुन्या खोडाला दोन्ही बाजूंनी कवटाळून जमिनीत उतरतात. मग खालचं खोड कुजून पार नाहीसं होतं आणि झाडं मुळांच्या पायांवर अधांतरी उभी दिसतात. पोकळी एवढी, की वाकून पलीकडे बघता यावं. ते खोड कुजवून ती पोकळी कोणी केली? गाईड दाखवत होता त्या बुरशीने. आपले काका तोपर्यंत घड्याळ बघत होते.

याच बंदरावर जंगलाची सहल टाळून लोक जातात कुठे? एक, धक्क्यासमोरच्या जवाहिऱ्यांकडे. तिथे टांझानाइट मिळतो. हा खडा जगात फक्त टांझानियात सापडतो. तो अलास्कात घेण्यात काय विशेष, हे विचारलं की “तिथे स्वस्त पडतो हो” असं उत्तर येतं. दोन, लाकूडतोड्यांच्या खेळाला. करवती-कुऱ्हाडी घेऊन चार तगडे गडी ओंडके तोडतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वर्षावनाच्या दारापर्यंत हजारो मैलांचा प्रवास करायचा, आत पाऊल टाकायचं नाही, आणि दारात बसून लाकूडतोडीची स्पर्धा बघायची. वर ‘पैसे वसूल’ म्हणायचं! याला विनोदबुद्धी म्हणावं तर ती नकळत आलेली आहे.

आता ताडोबा. ताडोब्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते साग-बांबूचं, पानगळीचं, कोरडं रान आहे. एप्रिल-मेमध्ये पानं गळून गेलेली असतात, पाणी ठरावीक पाणवठ्यांवर उरतं, आणि म्हणून वाघ दिसतो. आपली नजर तीक्ष्ण आहे म्हणून दिसत नाही. ताडोब्याच्या उन्हाळ्याचा निकष लंकावीच्या सदाहरित रानाला लावणं चूक आहे. तिथे छत जमिनीपासून तीस-चाळीस मीटर वर असतं. खाली पोचणारा उजेड जेमतेम एक-दोन टक्के. फुलं वर, फळं वर, म्हणून माकडं, पक्षी, खारी सगळे वर. खालून चालणाऱ्याला त्यांचा आवाज येतो, पडलेलं फळ दिसतं, अर्धवट खाल्लेलं पान दिसतं. अशा रानात बघण्याची रीतच वेगळी. ज्या खोडाशी गाईड थांबतो त्या खोडावर पहिली दोन मिनिटं काहीही नसतं. मग खोडाचाच एक करडा, दगडफुलाच्या ठिपक्यांचा तुकडा किंचित सरकतो आणि लक्षात येतं की तो कोलुगो आहे. मानेपासून शेपटीपर्यंत कातडीचा पडदा असलेलं, दिवसभर खोडाला चिकटून राहणारं आणि रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारं जनावर. भारतात कुठेच नाही. ताडोब्यात नाही, काझीरंगात नाही. पण ज्याला एका मिनिटात पट्टे दिसायला हवे आहेत त्याच्या लेखी तिथे फक्त खोड होतं.

ताडोब्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी जवळचंच दुसरं उदाहरणही लक्षात ठेवावं. 2024 संपता संपता उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर होती, आणि पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी येऊन त्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक, गाईड यांच्यावर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या जिप्सींत मागे बसून “अजून थोडी पुढे घ्या ना” कोण म्हणत असतं? वनखातं म्हणत नाही. ती मागणी पुण्या-मुंबई-नागपूरहून गेलेल्या, ‘सायटिंग झालं का?’ एवढा एकच प्रश्न तोंडात असलेल्या माणसाची असते. हा प्रश्न घेऊन तो विदर्भात जातो आणि हाच प्रश्न बॅगेत घालून लंकावीला जातो.

तेव्हा जनावर दिसण्याची हमी कशी तयार होते ते एकदा नीट बघू.

लंकावी 2007 पासून युनेस्कोच्या यादीतलं जिओपार्क आहे. तिथल्या किलिमला चुनखडीचे कडे थेट पाण्यातून उठतात आणि मध्ये खारफुटीचे फाटे आहेत. तिथली लोकप्रिय बोट एका वळणावर थांबते, चालक बादलीतून कोंबडीच्या कातडीचे तुकडे काढून पाण्यात भिरकावतो आणि क्षणात वीस-पंचवीस घारी झेपावतात. तांबूस पाठ, पांढरं डोकं. अहो, ही आपली ब्राह्मणी घार! हर्णैच्या बंदरावर ती मासळीवर स्वतःच्या हिमतीने झडप घालताना दिसते, आणि ती बघायला तिकीट नाही. घरात अंडंही न आणणारे आपले काका ब्राह्मणी घारीला कोंबडीची कातडी चारण्यासाठी परकीय चलन मोजतात आणि त्याला ‘वाइल्डलाइफ टूर’ म्हणतात. शिकार करून खाणारा पक्षी बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून बादलीची वाट बघायला लागला, की त्यातलं ‘वाइल्ड’ किती उरलं?

हत्तींच्या कॅम्पचं तेच. हत्तीच्या पाठीवर बसायला, त्याला आंघोळ घालायला मिळतं, कारण तो पिल्लू असतानाच त्याला मारून-बांधून माणसाची भीती शिकवलेली असते. वाघाशेजारी बसून फोटोची तर गोष्टच सोडा. थायलंडमध्ये कांचनाबुरीला ‘टायगर टेंपल’ होतं. भगव्या वस्त्रांतले भिक्षू, मांडीशी लोळणारे वाघ, आणि जगभरातले पर्यटक रांगेत. 2016 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी छापा घालून 137 वाघ बाहेर काढले, आणि फ्रीजरमध्ये वाघाच्या 40 बछड्यांची कलेवरं सापडली. त्या रांगेतल्या प्रत्येकाला हमी मिळाली होती. प्रत्येकाचे पैसे वसूल झाले होते.

हमी या तीनच गोष्टींतून येते: पिंजरा, साखळी किंवा आमिष. कोणी म्हणेल, अलास्कातच जूनोला काही बोटवाले देवमासा दिसला नाही तर पैसे परत देतात, ती हमीच ना? नाही. ती पैशाची हमी आहे, देवमाशाची नाही. हंपबॅक देवमासे दर उन्हाळ्यात चरायला तिथे येतात हे बोटवाल्याला ठाऊक आहे, म्हणून तो स्वतःच्या खिशावर पैज लावतो. देवमाशाला त्यातलं काही माहीत नसतं. फरक एवढा स्पष्ट आहे.

आता जरा घराजवळ येतो, कारण या मताचं मूळ लंकावीत नाही, कोथरूडमध्येच आहे. आपल्याला जनावर बघायचं आहे म्हणजे काय करायचं आहे, याची परीक्षा 9 डिसेंबर 2020 ला झाली. त्या दिवशी सकाळी महात्मा सोसायटीत रानगवा आला. कोणतीही सहल न काढता, तिकीट न लावता, भर वस्तीत. राधानगरी-दाजीपूर हे राज्यातलं सगळ्यांत जुनं अभयारण्य 1958 मध्ये मुख्यतः याच गव्यांसाठी झालं. तिथे खडखडत जाऊन गवा न दिसता परत आलेली माणसं कोथरूडमध्ये कमी नाहीत. इथे तो स्वतः फाटकापाशी उभा होता. आणि आपण काय केलं? मोबाईल काढले. आरडाओरडा केला. त्याच्या मागे धावलो, पुढे धावलो, गच्चीवरून शिट्ट्या मारल्या. तो भिंतींना, फाटकांना धडका देत रस्तोरस्ती पळाला, जखमी झाला. वनखात्याची माणसं आणि पोलीस गव्याला आवरायचं की गर्दीला, याच पेचात सापडली. भुलीचं इंजेक्शन दिलं, जाळीत घेतला, आणि त्याच दिवशी तो मेला. लोक नंतर हळहळले, काहींनी श्रद्धांजलीचे फलकही लावले. वरातीमागून घोडं.

त्याच महिन्यात बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा आला. त्या वेळी गर्दीला लांब ठेवलं, त्याची वाट मोकळी ठेवली, आणि तो रानाकडे परत गेला. जनावर तेच, शहर तेच, दोन घटनांत दिवसांचं अंतरही फार नाही. फरक बघणाऱ्यांच्या अंतरात होता. दूर राहून बघणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि बंदरावरची ती कंटाळवाणी म्हणून नावं ठेवलेली जंगलाची सहल नेमकी तेवढीच गोष्ट शिकवते: बोलू नका, थांबा, हात लावू नका, जनावर आलं तर आलं. तीन तासांत एवढं शिकून कोणी परत आलं तर सतरा-अठरा हजार महाग नाहीत. महात्मा सोसायटीला ते त्या सकाळी स्वस्त पडले असते.

“पण आपला सह्याद्री काय कमी आहे?” हा प्रश्न विचारला की समोरचा गप्प बसेल असं लोकांना वाटतं, कारण त्यात देशाभिमान आहे. मी गप्प बसत नाही. उलट विचारतो, तुम्ही आंबोलीला शेवटचं कधी गेला होतात आणि तिथे काय बघितलंत? बहुतेकांचं उत्तर: धबधबा, भजी, मक्याचं कणीस, धुकं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या गावात कातळावरच्या पावसाच्या डबक्यात एक छोटा भेक अंडी घालतो. शास्त्राने त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली 2009 मध्ये, आणि आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळपास कुठेच सापडत नाही. हिरण्यकेशीच्या उगमाशी देवळाच्या कुंडातल्या माशाची नवी जात 2020 मध्ये जाहीर झाली, आणि 2021 मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. सह्याद्री कमी नाही हो. कमी पडतो तो धबधब्याकडे पाठ करून कातळावर उकिडवं बसायला तयार असलेला माणूस. आंबोलीत ज्याला ‘काही दिसलं नाही’ त्यालाच पेनांगला काही दिसत नाही. मग सह्याद्रीचं नाव मध्ये कशाला घ्यायचं? सह्याद्री हा इथे अभिमान नसून पळवाट आहे.

शिवाय सह्याद्री आणि मलायाचे डोंगर एकमेकांना इतके परकेही नाहीत. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले डॉ. सुंदरलाल होरा यांना 1940 च्या दशकात एक कोडं पडलं होतं: सह्याद्रीतल्या ओढ्यांमधले काही मासे आणि मलायातल्या ओढ्यांमधले मासे इतके सारखे कसे, मध्ये एवढी कोरडी जमीन असताना? त्यांनी सुचवलं की एके काळी विंध्य-सातपुड्याच्या ओल्या डोंगररांगेतून हे जीव पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत आले असावेत. या गृहीतकावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण कोडं खरं होतं. तिळारीच्या रानात दिसणारा महाधनेश लंकावीतही आहे. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, ही त्याची रीत दोन्हीकडे सारखी. म्हणजे सह्याद्रीवर ज्याचं खरोखर प्रेम आहे त्याने तर मलायाचं रान आवर्जून बघावं. तिथे आपल्या रानाचं गोत आहे. “आपल्याकडे आहे की” म्हणून ते टाळणं म्हणजे मावशी आहे म्हणून मामाकडे न जाणं.

गुडघे, जळवा आणि घड्याळ यांना मी फार जागा देणार नाही. जे गृहस्थ रोज पहाटे वेताळ टेकडी चढतात आणि रविवारी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन येतात, त्यांना लाकडी पायवाटेवरून दोन किलोमीटर चालणं ‘या वयात’ झेपत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं. सिंगापूरला जहाजात चढण्याआधी एक दिवस हाताशी असेल तर सुंगेई बुलोहच्या खारफुटीत फळ्यांच्या वाटेवरून फिरता येतं. तिथे गुडघ्यांना कसलाच त्रास नाही. जळू रक्त घेते, चमचाभरसुद्धा नाही. पँट मोज्यात खोचली की तेही नाही. आणि जहाज चुकण्याची भीती? जहाज कंपनीने स्वतः काढलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं. बाहेरच्या माणसाकडून स्वस्तात घेतली तर थांबत नाही. ज्याला भीती वाटते त्याने जास्त पैसे द्यावेत. ती भीती जंगलाच्या खात्यावर लिहू नये.

एक तरुण टोळी दुसऱ्या टोकाकडून हल्ला करते, तिलाही उत्तर देतो. ती म्हणते, जड तेल जाळणाऱ्या तरंगत्या हॉटेलातून उतरून जंगलाचं कौतुक करणं हे ढोंग आहे. जहाजाबद्दलची तक्रार मान्य. पण मग जहाजावर जाऊ नका आणि आईबाबांनाही पाठवू नका. जे गेलेच आहेत त्यांनी बंदरावर उतरून काय करावं, हा माझा प्रश्न आहे; आणि त्याला ‘टांझानाइट घ्यावा’ हे उत्तर पर्यावरणवादी कसं ठरतं?

राहता राहिला ‘वसूल’ हा शब्द. पुणेरी माणसाच्या पैशाच्या हिशेबाबद्दल मला आदर आहे, पण हिशेब पुरता करावा. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात तिकीट काढलं की तिसऱ्या घंटेला पडदा वर जातो, नट हजर असतो. त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. धनेशाला, अस्वलाला, कोलुगोला कोणी पैसे दिलेले नाहीत. आपण पैसे देतो ते गाईडच्या नजरेला, त्याच्या कानाला, त्या वाटेच्या देखभालीला. बुरशी दाखवणारा गाईड आपलं काम चोख करत होता. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात एकटे जाऊन राहिले आणि त्यावर ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्लींची पुस्तकं कोथरूडच्या घराघरांतल्या काचेच्या कपाटात आहेत. 2025 मध्ये ते गेले तेव्हा याच घरांतून व्हॉट्सअॅपवर आदरांजल्या फिरल्या. या दोघांना रोज वाघ दिसत होता म्हणून त्यांनी लिहिलं असा समज असेल तर ती पुस्तकं कपाटातून काढलीच गेलेली नाहीत.

तेव्हा सल्ला द्यायचाच तर मी नेमका उलटा देतो. बंदरावर उतरणार असाल तर जंगलाची सहलच घ्या, आणि ती निवडताना दहा-बारा माणसांची तुकडी घ्या, चाळीस जणांची बस नको. बसमध्ये किती वेळ आणि पायवाटेवर किती वेळ, हे विचारा; पहिला आकडा मोठा असेल तर ती शहरदर्शनाची सहल आहे. सकाळची पहिली वेळ घ्या, नाश्त्याचा बुफे एक दिवस बुडाला तर आभाळ कोसळत नाही. गाईड त्याच रानात वाढलेला किंवा तिथे काम करणारा आहे का, हे विचारा. जनावरांना खायला घालतात का, हातात देतात का, पाठीवर बसवतात का, हे विचारा, आणि ‘हो’ म्हटलं की दुसऱ्या खिडकीवर जा. केचिकनला जाणार असाल तर सॅमन चढण्याचा महिना बघून जहाजाची तारीख ठरवा. विमानाचं तिकीट स्वस्त कधी हे बघता तसंच. आणि ‘जनावर दिसेलच ना?’ असं विचारल्यावर जो माणूस ‘सांगता येत नाही’ म्हणेल, त्याच्याकडेच पैसे भरा. जो ‘नक्की दिसेल’ म्हणतो त्याच्या मागच्या खोलीत बादली आहे, साखळी आहे किंवा पिंजरा आहे.

ज्याला हे पटत नाही, ज्याला जनावर ठरल्या वेळी, ठरल्या जागी, तोंड कॅमेऱ्याकडे करून हवंच आहे, त्याने जंगलात जाऊन जंगलाला आणि सोबतच्या दहा जणांना त्रास देऊ नये. त्याची सोय पुणे महापालिकेने कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आधीच केलेली आहे. तिथे वाघ आहे, अस्वल आहे, बसायला बाकं आहेत. पासपोर्ट लागत नाही आणि पीएमपीच्या बसने दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं.